दिवसातून दोनदा झाडूनही घरात धूळ साचते, काय करावं?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: घर कच्च्या रस्त्याला लागून आहे, अंगण काळ्या मातीचं आहे आणि सासऱ्यांना दमा आहे. म्हणून नुसतं झाडण्यावर भागणार नाही. कोरड्या झाडूने काही धूळ सुपलीत येते, उरलेली हवेत उडते. त्यातली सगळ्यात बारीक धूळ तासन्‌तास तरंगत राहते आणि दम्याच्या माणसाला त्रास तिचाच होतो. आधी ती कुठून येते ते शोधा.

स्टीलच्या चार ताटल्या पुसून ठेवा: दाराशी, कूलरसमोर, टिनाखाली भिंतीच्या कडेला आणि आतल्या खोलीत. दोन दिवसांनी बोट फिरवा. भुरकट-काळी, पिठासारखी मऊ आणि पाण्याच्या थेंबाने चिकट होणारी धूळ रस्त्याची नाहीतर अंगणाची. पांढरी भुकटी कोब्याची किंवा चुन्याची. तंतू दिसले तर कापूस आणि गाद्या. बोटाला तेलकट काळं लागलं तर चुलीची काजळी.

तुमच्याकडे बहुतेक पहिला प्रकार जास्त निघेल, म्हणून अंगणापासून सुरुवात करा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पायाखाली तिचा फुफाटा होतो. तिच्यावर सरळ सारवण केलं तर ते भेगांबरोबरच फाटतं आणि आठवडाभरात पोपडे सुटतात. आधी चार इंच मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. एक ब्रास (शंभर घनफूट) मुरमात ठोकून चार इंच जाडीचं साधारण सव्वादोनशे चौरस फूट होतं. पाणी दाराकडून बाहेर जाईल एवढा उतार ठेवा. त्यावर पांढरी माती आणि ताज्या शेणाचा पातळ हात. पैसे कमी असतील तर दारापुढची दहा फूटच करा. पायाला लागून येणारी माती तेवढ्यानेही बरीच थांबते. उंबऱ्याबाहेर धुतलेला बारदाना घडी करून टाका आणि रोज झटका, पण वाऱ्याची दिशा पाहून.

रस्त्याच्या बाजूला हिरवी शेडनेट बांधा, निम्मी हवा जाऊ देणारी. पूर्ण बंद आडोशाला वारा वरून उसळी मारतो आणि धूळ पलीकडे आणून टाकतो. जाळीतून तो मंदावतो, धूळ अलीकडेच बसते. जाळी पंधरा दिवसांनी पाण्याने धुवा. पावसाळ्यात त्याच ओळीत निरगुडी लावा, ती ढोरं सहसा खात नाहीत.

आता कूलर. उन्हाळ्यातली घरातली धूळ कूलरवर फार अवलंबून असते आणि नेमकं याच्याकडे कोणी बघत नाही. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या, ओल्या असल्या की बाहेरच्या हवेतली बरीचशी धूळ त्यांना चिकटून टाकीत उतरते. पाणी वाचवायला पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवला की तोच कूलर धूळ थेट खाटेवर आणून टाकतो. पाणी नसेल तेव्हा कूलर बंदच ठेवा. ताटीचा वरचा भाग कोरडा दिसला तर पाण्याच्या नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत, ती दाभणाने मोकळी करा. टाकी दर आठवड्याला रिकामी करून तळाचा गाळ काढा, म्हणजे पंप अडकत नाही आणि डासही होत नाहीत. लाकडी गवताच्या ताट्या दर उन्हाळ्याला नव्या बसवा.

कूलर शक्यतो परसाकडच्या खिडकीला लावा. तो हवा आत ढकलतो, त्यामुळे घरातली हवा फटींतून बाहेर जात राहते आणि त्याच वाटेने धूळ आत येऊ शकत नाही. तो चालू असताना रस्त्याकडचं सगळं बंद आणि परसाकडची दुसरी एखादी खिडकी वीतभर उघडी. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याचं उलटं असतं. तो हवा बाहेर फेकतो, म्हणून दाराखालच्या फटीतून रस्ता आत ओढला जातो. तो लावण्याआधी परसाची खिडकी उघडा. दाराखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका, जमिनीला जेमतेम घासेल अशी. टिन आणि भिंतीमधल्या फटी रस्त्याच्या बाजूने फोमने बुजवा. नुसतं सिमेंट टिकत नाही, उन्हात टिन फुगतं आणि ते तडकतं. चुलीच्या धुराची वाट मात्र मोकळी राहू द्या.

झाडताना पंखे बंद ठेवा. आधी जाळमटं, मग पंख्याची पाती. पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून मागे ओढली की धूळ खोळीतच राहते. नंतर फळ्या ओल्या फडक्याने, शेवटी जमीन. आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणा आणि तो इतकाच ओला करा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. तो जमिनीवर पसरून झाडला की बारीक धूळ त्याला चिकटून येते. मगच पोछा, आणि दोन बादल्या घेऊन: एकीत पिळायचा, दुसरीत बुडवायचा. न झाडता पोछा मारला तर काळी माती पाण्यात फुगून जमिनीवर पातळ थर देते. तो वाळला की चालता-चालता पुन्हा धूळ. संध्याकाळी ढोरं परतून फुफाटा खाली बसल्यावरच साफसफाई करा. दिवेलागणीला झाडू नये असं घरात पाळत असाल तर तेव्हा फक्त फळ्या ओल्या फडक्याने पुसा, झाडणं आणि पोछा सकाळी.

बंद खोलीत पुसलेल्या कोब्यावर दुसऱ्या दिवशी तळवा पांढरा होत असेल तर कोबाच झिजतोय. कोबा धुऊन पूर्ण वाळवा, मग एक भाग सोडियम सिलिकेट आणि चार भाग पाणी असे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. हातमोजे घाला.

सासऱ्यांसाठी एक गोष्ट अगदी मनावर घ्या. सोयाबीनची मळणी घराजवळ करू नका आणि कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) त्यांच्या खोलीला लागून ठेवू नका. 1980च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना बंदरात सोयाबीन उतरवलं जायचं त्यातल्या काही दिवशी शहरात दम्याचे झटके वाढायचे. कारण निघालं सोयाबीनच्या दाण्याच्या सालपटाची धूळ, आणि ती आपल्या मळणीत आणि कुटारातही असू शकते. हडंबा (मळणीयंत्र) वावरातच लावा, वाऱ्याची दिशा गावाकडे नसताना. काम करणाऱ्यांना एन-95 मास्क द्या, दुपट्ट्यातून बारीक धूळ आत जातेच. त्यांनी घरात येण्याआधी कपडे बाहेर बदलून हात-पाय धुवावेत. त्या दिवसांत सासऱ्यांची खाट परसाकडच्या खोलीत टाका, आणि त्यांचा दम्याचा पंप (इनहेलर) उशाशीच असू द्या.