जुन्या वळणाच्या सीए फर्ममध्ये आपण गे आहोत हे सांगावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या जुन्या फर्ममध्ये लागलोय, गे आहे, सांगितलं तर करिअरवर परिणाम होईल का. होतो. माझ्यावर झाला. तरी सांगितल्याचा पश्चात्ताप नाही.

६ सप्टेंबर २०१८. टॅक्स ऑडिटचा सीझन, सगळ्यांना मान वर करायला वेळ नाही, आणि त्यात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आता तो गुन्हा नाही म्हणून. डबे उघडले होते, मोबाइलवर बातमी बघून एकजण म्हणाला, आता असले लोक ऑफिसातपण यायला लागतील. मी म्हणालो, "मी सात वर्षं इथेच आहे." कोणीच काही बोललं नाही. एकाने फक्त त्याच्याकडचं ताक माझ्याकडे सरकवलं, ते मी अजून विसरलो नाही.

कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑडिटला मी दरवर्षी जायचो, तिथल्या गेस्ट हाऊसला एका खोलीत दोघं. त्या वर्षी यादीत माझं नावच नाही. फर्मच्या मालक सरांकडे गेलो तर अगदी मायेने म्हणाले, "अरे मला काही प्रॉब्लेम नाही, पण मुलांना रूम शेअर करावी लागते, त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू? आणि हे बेडरूममधलं तू ऑफिसात कशाला आणलंस?" मी गप्प बाहेर आलो. नाव कापल्यापेक्षा ते गप्प बसणं मला जास्त सलतं, म्हणून आज लिहितोय.

कारण सर, त्याच ऑफिसात साखरपुड्याचे फोटो फिरतात, बारशाचे पेढे येतात, लक्ष्मीपूजनाला तुम्ही जोडीने बसता, माझ्यासाठी दोन स्थळं तुम्हीच आणली होतीत. ते सगळं चालतं आणि माझं एक वाक्य तेवढं बेडरूममधलं? आणि बेडरूममध्ये ठेवून तरी काय होतं? अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. श्रीनिवास सिरस यांनी घरातच ठेवलं होतं ना, फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केलं सिरसांनाच, तेही निवृत्तीला काही महिने उरले असताना. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते घरात मृत सापडले. आपला मराठीचा माणूस, आणि आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

आता तुमचं. ३७७ गेलं म्हणजे गुन्हा राहिला नाही एवढंच, खाजगी नोकरीत गे म्हणून डावललं तर बोट ठेवता येईल असा वेगळा कायदा नाही, हे धरून चाला. तुम्ही आर्टिकल (सीए होण्याआधी फर्ममध्ये ट्रेनिंग करणारे) आहात की क्वालिफाइड सीए ते लिहिलं नाहीत. आर्टिकल असाल तर फॉर्म १०८ वर, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर, प्रिन्सिपलची (ज्या सीएच्या हाताखाली शिकताय त्यांची) सही होईपर्यंत एक शब्द बोलू नका, आणि घरी माहीत नसेल तर त्याआधी ऑफिसात नकोच, पुण्यात बातमी घरी पोचायला एक दिवस पुरतो. क्वालिफाइड असाल तर सीए इन्स्टिट्यूटचा मेंबरशिप नंबर तुमचा आहे, तो कुठलीच फर्म काढून घेऊ शकत नाही, आधी विश्वासातल्या एकाला सांगा.

माझ्या पार्टनरशिपचं बोलणं नंतर कोणी काढलंच नाही, दोन वर्षांनी मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. आता बाहेरगावच्या ऑडिटची यादी मी करतो, कोण कोणाबरोबर खोलीत राहणार ते मुलं आपापसात ठरवतात, असल्या कारणाने मी अजून एकाचंही नाव कापलेलं नाही.