पेरॉक्साइडचा आकडा तासाभरात अडकतो, कॅटॅलिस्टवर कोणता धातू चढवू?

तुम्ही विचारलंय की उजेडाच्या जोरावर पाणी आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवताना, मेलामाइन भाजून केलेल्या कार्बन नायट्राइडच्या पावडरीवर (हाच तुमचा कॅटॅलिस्ट) पहिला तासभर ते छान वाढतं, मग आकडा हलतच नाही, तर आता कोणता धातू चढवावा. माझं ऐकाल तर धातू सध्या बाजूला ठेवा. रेषा आडवी झाली म्हणजे पेरॉक्साइड तयार व्हायचं थांबलं असं नाही. बहुतेक वेळा जितकं तयार होतं तितकंच मोडत असतं. तयार होण्याचा वेग साधारण कायम राहतो, मोडण्याचा वेग मात्र साठलेल्या पेरॉक्साइडबरोबर वाढत जातो. त्यामुळे मोडणं निम्म्यावर आणलंत तर तोच कॅटॅलिस्ट दुप्पट आकडा दाखवेल.

हे मी फार उशिरा शिकले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, पाण्यापासून हायड्रोजन काढताना प्लॅटिनम उत्तम चालतं म्हणून इथेही तेच चढवलं आणि तीन महिने घालवले. शेवटी चिमूटभर पावडर वॉच ग्लासवर घेऊन वर ३ टक्के पेरॉक्साइडचा थेंब सोडला. जखमेवर टाकल्यावर येतो तसा फसफसून फेस आला. मी जे बनवू पाहत होते ते माझाच प्लॅटिनम फोडत होता.

तुम्ही असं करा. १ मिलिमोलर पेरॉक्साइडमध्ये तुमची पावडर घाला, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा, आणि एकदा अंधारात, एकदा दिव्याखाली ढवळा. दर १५ मिनिटांनी नमुना सिरिंज फिल्टरने गाळून मोजा. अंधारातही आकडा घसरला तर पृष्ठभागावर लोह किंवा तसलं काही चिकटलंय, पावडर सौम्य आम्लाने धुवा. फक्त उजेडात घसरला तर उजेडाने पावडरीत मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यामागे उरलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, पेरॉक्साइडवरच खर्च होतायत. पावडरीशिवायही एकदा दिवा लावून बघा, कारण झेनॉन दिव्याच्या अतिनील किरणांनी ते आपोआपही फुटतं. तसं असेल तर ४२० नॅनोमीटरचा फिल्टर लावा.

ऑक्सिजनकडेही लक्ष द्या. नुसत्या हवेतून २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे पाव मिलिमोलर. शुद्ध ऑक्सिजन सतत सोडलात तर जवळजवळ पाचपट मिळेल.

एवढं झाल्यावर कॅटॅलिस्टला हात घाला, तोही धातूशिवाय. भाजलेली पावडर उघड्या क्रुसिबलमध्ये पातळ पसरून ५०० अंशांवर दोन तास ठेवा, धूर-कपाटाखालीच. वजन बरंच घटतं, पण उरते ती फिकट, कापसासारखी हलकी पावडर. थर पातळ झाल्यामुळे इलेक्ट्रॉनला पृष्ठभागापर्यंत कमी अंतर कापावं लागतं आणि वाटेत होलला भेटून तो वाया जाण्याची शक्यता घटते.

आणि मिश्रणात घालतात ते अल्कोहोल. ते होल खाऊन टाकतं, म्हणून आकडे मोठे दिसतात. ओसाका विद्यापीठातल्या शिराइशींच्या गटाने २०१४ मध्ये कार्बन नायट्राइडवर इथेनॉल वापरूनच सुरुवात केली होती. २०१९ मध्ये त्याच गटाने रेसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनवर नुसतं पाणी आणि ऑक्सिजन वापरून सौरऊर्जेचं ०.५ टक्के रूपांतर दाखवलं. मला हेच काम खरं वाटतं. कारखान्यात आज पेरॉक्साइड बनवायच्या अँथ्राक्विनोन पद्धतीला हायड्रोजन आणि पॅलेडियम लागतं, आणि आपल्याला तेच तर टाळायचंय.

तुमच्या मिश्रणात अल्कोहोल किती होतं आणि दिवा कुठला, ते खाली लिहा. अंधारातल्या चाचणीचे आकडे आले की तेही टाका, मी बघेन.