एवढे मोठे स्टार असूनही धमाल विनोदी सिनेमा का आपटतो?

तुम्ही विचारलंय की दोन-दोन मोठे स्टार, परदेशातलं शूटिंग, चोरीचा भन्नाट प्लॉट, सगळं असूनही थिएटरात कुणी हसत का नाही, आणि दोष नक्की कुणाचा, लेखकाचा, दिग्दर्शकाचा की स्टारचा. मी अशाच एका सिनेमाचा सहायक संकलक होतो. नाव सांगत नाही. तुम्ही पाहिला नसेलच, दुसरा शुक्रवार त्याने बघितला नाही.

स्क्रिप्ट वाईट नव्हतं हे आधी सांगतो, कारण सिनेमा पडला की सगळे आधी लेखकालाच धरतात. एक सीन तर फर्मास होता. हिऱ्यांची पिशवी शोधायला दोघे एका बंगल्यात घुसलेत आणि मालक अवेळी परत येतो. एक जण कपाटात, दुसरा पलंगाखाली. मालक गुणगुणत कोट काढतो, टांगायला कपाटाशी जातो, तर आतल्याने दार घट्ट धरलेलं. मालकाला वाटतं, दार फुगलंय. तो नोकराला हाक मारतो आणि दोघं मिळून दार ओढायला लागतात. पलंगाखालच्याला हे सगळं फक्त पायांवरून कळतंय. शूटिंगच्या आदल्या दिवशी दोन असिस्टंटना घेऊन याची रिहर्सल झाली तेव्हा मी सेटवर होतो. लाइटमन मंडळी, जी कशालाही हसत नाहीत, तीसुद्धा हसली.

मग स्टार आले. म्हणजे एक आला. दोघांची कॉम्बिनेशन डेट काही जुळलीच नाही, त्यामुळे कपाटातला मार्चमध्ये शूट झाला आणि पलंगाखालचा जूनमध्ये. मालकाचं काम करणारा गुणी नट दोन्ही वेळा डुप्लिकेटच्या पाठीशी बोलला. त्यात कपाटातल्या साहेबांना आतला क्लोज हवा होता. चेहरा दिसायला नको? मग कपाटाची मागची फळी काढली, कॅमेरा लावला, छान मऊ लाइट केला. बंद कपाटाकडे बाहेरून बघताना पोटात जो गोळा येतो, तो गेला. आत निवांत उजेड, केस जागच्या जागी, घामाचा थेंब मेकअपदादांनी लगेच टिपलेला. हा माणूस पकडला जाईल अशी धास्ती कुणाला वाटणार?

माझ्या मते अर्धा रोग इथेच आहे. असल्या भानगडीच्या सिनेमात माणूस खरोखर अडलेला लागतो. 'अशी ही बनवाबनवी' (1988) मध्ये सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसतात ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून. 'हेरा फेरी' (2000) मधले तिघे इतके कफल्लक आहेत की अपहरणकर्त्याचा राँग नंबर त्यांना लॉटरी वाटते. आमच्या हिरोला ते हिरे कशाला हवे होते, हे मला सहा महिने फुटेज बघूनही कळलं नाही. एंट्रीलाच तो स्लो मोशनमध्ये हेलिकॉप्टरमधून उतरतो. जाऊ दे ना मग, राहू देत ते हिरे मालकाकडे!

आता एडिटचं. ते कपाट मी कापलंय, म्हणून जरा लांबड लावतो.

माझ्याकडे मार्चचे क्लोज, जूनचे क्लोज आणि एकच वाइड, म्हणजे अख्खी खोली एकदम दिसणारा शॉट, तोही डुप्लिकेटना घेऊन. दिग्दर्शक म्हणाले, "कट मारून पंच काढू." मी म्हणालो, सर, वाइडवर राहू, डुप्लिकेटचे चेहरे दिसतच नाहीत, एक कपाटात आणि एक पलंगाखाली आहे. यावरून आमचं जे वाजलं ते थेट रिलीजपर्यंत. मी एडिटिंगला येण्याआधी हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करायचो. बबन प्रभूंचं 'झोपी गेलेला जागा झाला' आम्ही बसवलं होतं, आणि विंगेत पुस्तक धरून मी एवढं नक्की शिकलो की लाफ्टर येतो तो दोन माणसांच्या मधल्या जागेत. एक दार उघडतंय आणि त्याच वेळी दुसरं लागतंय, हे डोळ्यांना एकदम दिसलं पाहिजे. तुम्ही आधी हे दार दाखवलंत, मग ते दार, मग डोळे मोठे केलेला चेहरा, की उरते नुसती माहिती.

नाटकात नट लाफ्टरसाठी थांबू शकतो. सिनेमाला तो थांबा आधीच, अंदाजाने ठेवावा लागतो. मार्क्स बंधूंनी 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (1935) शूट करण्याआधी त्यातले प्रसंग रंगमंचावर करत दौरा काढला होता, हशा कुठे आणि किती येतो ते बघायला. 'सम लाइक इट हॉट' (1959) मध्ये बिली वाइल्डरने जॅक लेमनच्या हातात खुळखुळे दिले. लेमन एक वाक्य टाकतो, खुळखुळे वाजवत थोडा नाचतो, तोवर लोक हसून घेतात, आणि पुढचं वाक्य बुडत नाही. आमच्याकडे खुळखुळे नव्हते. क्लोज मोजायला आलेला स्टारचा मॅनेजर होता.

शेवटी त्या सीनमध्ये 60 पेक्षा जास्त कट झाले. जिथे हसू येईना तिथे 'ट्वांग' असा गमतीचा आवाज वाजवला.

पहिल्या रविवारी मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. कपाटाचा सीन सुरू झाला. शांतता. कुणीतरी खोकलं. ट्वांग. पुन्हा शांतता. आणि मग सगळं थिएटर हसलं. कशाला? मालक दमून हात धुवायला जातो, खोली रिकामी दिसते, आणि मघाचा नोकर चहाचा ट्रे टेबलावर ठेवून निघून जातो. ट्रेमध्ये तीन कप. संपलं. ना संवाद, ना म्युझिक. ते तीन कप स्क्रिप्टमध्ये नव्हते, त्या नटाने स्वतःहून आणले होते. त्याचा क्लोज घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती म्हणून तो शॉट वाइडमध्येच राहिला, आणि जोडायला दुसरं काहीच नसल्यामुळे आम्हाला तो कापता आला नाही.

दिग्दर्शकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ट्रेलरमध्ये सगळे पंच गेले, मार्केटिंगने घात केला." आजही भेटले की हेच म्हणतात.

आता थोडं प्रामाणिकपणे. एक, तिकीटबारीवर आपटणं आणि हसू न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 'अंदाज अपना अपना' 1994 मध्ये फारसा चालला नव्हता, दोन मोठे हिरो असून. आज लोकांना तो तोंडपाठ आहे. दोन, स्टार म्हणजे अडचणच असं मी म्हणत नाही, वर सांगितलेल्या सिनेमांत नावाजलेलेच नट आहेत, फक्त ते स्वतःची शोभा करून घ्यायला तयार होते. आणि तीन, ट्वांगची आयडिया माझी होती. रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी रील द्यायचं होतं.

परदेशातल्या शूटिंगबद्दल मला काही मत नाही. दोष कुणाचा म्हणाल, तर कपाटात दिवा लावायला जो कुणी हो म्हणाला त्याचा. तुमच्या प्रोफाइलवर तुम्ही शॉर्टफिल्म करता असं दिसतंय. लेखन कितीही चांगलं असो, सेटवर प्रत्येक विनोदाचा एक वाइड पूर्ण, न थांबता घेऊन ठेवा, मग क्लोज घ्या हवे तेवढे. संकलक भांडला तर निदान त्याच्या हातात काहीतरी असेल.

आणि दिग्दर्शक सर, तुम्ही इथे लिहिता-वाचता हे मला माहीत आहे. तीन कपांचा शॉट 174 फ्रेमचा होता, म्हणजे सव्वासात सेकंद. एकही कट नाही.