फिल मे यांची व्यंगचित्रं इतक्या कमी रेषांत आहेत, ती घाईत काढलेली असायची का?

नाही, उलट त्या कमी रेषांमागे भरपूर मेहनत होती. इंग्रज व्यंगचित्रकार फिल मे (1864–1903) आधी चित्र छायाछटांसह तपशिलात उभं करायचे, मग त्यातल्या नेमक्या हव्या तेवढ्याच रेषा निवडून बाकीच्या गाळायचे. त्यांची ही पद्धत त्यांच्या काळातल्या लोकांनीच नोंदवून ठेवली आहे, आणि छापील चित्र नीट पाहिलं तरी ती पटते. 1896 सालच्या 'गटरस्नाइप्स' या त्यांच्या चित्रसंग्रहातली लंडनच्या गल्लीतली पोरं बघा. मोठ्या माणसाचा ढगळ कोट एका सलग रेषेत येतो, पण त्या रेषेतूनच आतला किरकोळ खांदा आणि पोराचा उभं राहण्याचा रुबाब कळतो. शरीररचना पक्की असल्याशिवाय अशी रेषा जमत नाही. माझ्या मते लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या चित्रकारांत इतकी धीट रेषा दुसऱ्या कुणाची नाही.

एक मात्र लक्षात घ्या: यात छपाईचाही हात होता. 1885 ते 1888 या काळात ते सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकासाठी चित्रं काढत. तेव्हा अशी चित्रं लाइन ब्लॉकने, म्हणजे रेषाचित्राच्या धातूच्या ठशाने छापत; त्यात करडी छटा येतच नाही, फक्त काळं आणि पांढरं. शिवाय वर्तमानपत्री कागदावर दाट, बारीक रेघोट्यांमध्ये शाई भरून डाग पडतो. त्यामुळे मोकळी, ठसठशीत रेषा सोयीची होती. पण 'यंत्र वाईट म्हणून शैली अशी झाली' एवढंच म्हणणं अपुरं आहे, कारण लंडनला परतल्यावर त्यांची रेषा आणखी मोजकी होत गेली.