तर त्याचे तुला काय?

प्रश्न : मावशी, सलाम. मी आणि माझी जाऊ एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो. तिचा मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझा बारावी सायन्सला दोन विषयांत गेला. हंगामाच्या सणाला उपासनेनंतर वस्तूंचा लिलाव झाला. मी घरच्या कोथिंबिरीच्या चार जुड्या वाहिल्या होत्या, त्या वीस रुपयांत गेल्या. जाऊबाईंनी एका भोपळ्याची बोली अकराशेवर नेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले तरी डोळ्यांपुढे तो भोपळाच. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : प्रिय भगिनी, तुमचं पत्र वाचून माझी शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा बायबलचा वर्ग, आठवली. चर्चच्या मागच्या खोलीत माझा वर्ग भरायचा, नऊ-दहा मुलं. समोर लिंबाखाली दुसऱ्या बाईंचा वर्ग, तिथे चाळीस. त्या पेटी वाजवायच्या, मला सूरसुद्धा धरता येत नाही. दर रविवारी मी खिडकीतून त्यांची मुलं मोजायचे. एकदा माझ्या वर्गातला एक मुलगा तेविसावं स्तोत्र पाठ करून आला. आठवडाभर आईनं चुलीपुढे बसवून घोकून घेतलं होतं. तो उभा राहून म्हणत होता, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही,’ आणि मी बाहेर बघत छत्तीस, सदतीस करत होते. संपल्यावर त्यानं विचारलं, “बाई, बरोबर आलं का?” मी ऐकलंच नव्हतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

लोक सांगतील, आपल्यापेक्षा गरिबाकडे बघा. मला हे पटत नाही. तराजू तोच, फक्त पारडं बदललं. गरीब विधवेनं मंदिरात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकली आणि प्रभूनं तेच सगळ्यांत मोठं दान म्हटलं, ती गोष्टही मी आज सांगणार नाही, कारण तिचा आधार घेऊन तुम्ही लगेच जावेपेक्षा वरच्या पायरीवर जाऊन बसाल.

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय काढा. तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी. जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आलेले. ज्या पेत्र नावाच्या शिष्यानं प्रभू येशूला तीनदा नाकारलं, त्याला प्रभू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली करतो. त्याला मरण कसं येईल तेही सुचवतो. एवढं सगळं पदरात पडलेलं असताना पेत्र मागे वळतो, त्याला दुसरा शिष्य योहान दिसतो, आणि तो विचारतो, प्रभू, ह्याचं काय? प्रभू त्याला योहानाचं बरं होईल की वाईट, काहीच सांगत नाही. म्हणतो, ‘तर त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.’ मला यात रागावणं ऐकू येत नाही. इतक्या जवळून पेत्राला परत हाक मारलेली ऐकू येते. म्हणून तुमचा विश्वास कमी पडला असं मी म्हणणार नाही. पेत्रानंही मागे वळून पाहिलंच होतं.

आता प्रार्थनेत भोपळा आला तर त्याला हाकलत बसू नका. जावेचं नाव मोठ्यानं घ्या, तिच्या मुलाच्या परीक्षेसाठी मागा. पहिले काही दिवस शब्द घशात अडकतील, माझे अडकले होते. तरी म्हणा.

मला खरी काळजी तुमच्या मुलाची वाटते. तुम्ही पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, आणि तेही चुलतभावाच्या शेजारी ठेवून. घरातही असंच होत असेल, तर तो ते रोज ऐकतोय. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा की आयटीआयला जायचं, की त्याच्या मनात तिसरंच काही आहे, हे त्याला विचारा. जेवायला वाढताना नको, समोर बसून विचारा. चुलतभावाचं नाव एकदाही काढू नका. आणि तो काय म्हणाला ते मला नक्की लिहा.