शाळेचं जेवण घरी येतं, पण तो जेवतच नाही

“मॅडम, शाळेतून पिशवी येते, मी शिजवून समोर ठेवते, पण हा हातच लावत नाही. दिवसभर बिस्किटं. शाळेत मात्र सगळं खायचा, असं बाई सांगायच्या. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय ना?”

2020 च्या मे महिन्यातला, कोरोनामुळे शाळा बंद असतानाचा हा फोन. ती जिन्यात बसून बोलत होती, कारण घरातल्या एकाच खोलीत दोन मुलं आणि काम सुटलेला नवरा होता. मुलगा आठ वर्षांचा. त्या काळात हाच प्रश्न मी कितीतरी आयांकडून ऐकला, आणि शेवट बहुतेक वेळा त्याच वाक्याने व्हायचा: माझंच काहीतरी चुकतंय.

मी आधी माझं चुकलेलं सांगते. पहिल्या बोलण्यात मी तिला आठवड्याचा आहार लिहून दिला. ताजी फळं, पालेभाज्या, दूध, सगळं व्यवस्थित. ती ‘हो, हो’ म्हणाली आणि पुढचे दोन आठवडे तिचा फोन आला नाही. शेवटी मीच केला. म्हणाली, “तुमचा कागद भिंतीवर लावलाय मॅडम. बघितला की रडू येतं.” शाळेची पिशवी एका मुलासाठी असायची आणि त्यात चौघं जेवत होते. काय चांगलं, काय वाईट हे तिला माझ्याइतकंच कळत होतं, आणायला पैसे नव्हते. तेव्हापासून आहाराबद्दल एक शब्द बोलण्याआधी मी विचारते, या पिशवीत घरातले किती जण जेवतात?

तिच्या परवानगीने मी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, पण त्या बोलता बोलता गहिवरल्या. स्वयंपाकघरातल्या दोघी विलगीकरणात. रोज किती पालक येतील याचा अंदाज नाही, जास्त केलं की फेकावं लागतं आणि कमी पडलं की कुणीतरी रिकाम्या हाताने परत जातं. शिवाय शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या आत थंड ठेवावं लागतं, बाहेर दोन तासांहून जास्त ठेवता येत नाही. गर्दी नको म्हणून पालकांना सकाळपासून टप्प्याटप्प्याने बोलावलं होतं. मग पिशवीत टिकणारं तेवढंच उरलं: खारी-गोड बंद पाकिटं. त्यांनी पाकिटं कमी करून कडधान्यं दिली, तर काही घरांत ती शिजवायला इंधनच नव्हतं.

हे सगळं मी त्या आईला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 ला कोरोनाच्या साथीला महामारी म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातल्या सुमारे 37 कोटी मुलांचं शाळेतलं जेवण थांबलं, हा जागतिक अन्न कार्यक्रमाचा अंदाजही सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एवढ्या घरांत?”

मग मी मुलाशी बोलले. शाळेत काय आवडायचं, असं विचारलं. त्याने एकाही पदार्थाचं नाव घेतलं नाही. कोण कुठे बसायचं ते सांगितलं. शेजारचा मित्र भाजी न आवडल्यास याच्या ताटात टाकायचा, हा त्याच्या. आधी कुणाचं ताट रिकामं होतं यावर पैज. आणि आठवड्यातून एकदा जेवणाची घंटा वाजवायची पाळी याची असायची. हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

घरी यातलं काहीच नव्हतं. जेवणाला ठरलेली वेळ नाही, मोबाइलवर तास सुरू असताना हातात बिस्किटं, आणि ताट समोर आलं की आईची नजर प्रत्येक घासावर. तिची काळजी खरी होती, पण त्या नजरेखाली त्याचा घास उतरत नव्हता.

आम्ही शाळेच्याच वेळेला घंटा ठरवली. थाळीवर चमचा मारायचा, आणि तो त्यानेच. धाकटी बहीण त्याच्या शेजारी. आईनेही त्याच वेळी जेवायचं आणि स्वतःच्या ताटात बघायचं. बिस्किटं बंद केली नाहीत, चारच्या सुमाराला ताटलीत मोजकी द्यायची, एवढंच. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचं एक सूत्र मला फार उपयोगी पडतं: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. आठ वर्षांचं पोर अर्धवट ताटावरून उठताना गप्प बसणं किती अवघड असतं ते आईलाच ठाऊक. “पहिल्या दिवशी दोन घास खाऊन उठला,” ती म्हणाली. “मी जीभ चावून बसले.”

तिसऱ्या आठवड्यात त्याने बहिणीच्या ताटातली भाजी पळवून खाल्ली. पिशवी तेवढीच होती, तंगी होतीच, हे विसरून चालणार नाही. धाकटीचं नाव यादीत घालावं म्हणून मी शाळेकडे विनंती केली आणि ते झालं. वजनावर मात्र आम्ही लक्ष ठेवून होतो. वजन उतरत असेल, मूल मलूल पडत असेल, पाणीही नको म्हणत असेल किंवा खायला घाबरत असेल, तर घंटेवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा मुलं लांब लांब, एकाच दिशेला तोंड करून, न बोलता जेवत होती. पहिल्या दिवशी त्याचा डबा न उघडता परत आला. तिचा फोन आला. या वेळी तिने काय चुकलं हे विचारलं नाही. ती थेट शाळेत जाऊन आली होती. बाईंना म्हणाली, “बोलायचं नसेल तर राहू दे, लांब बसू दे, पण घंटा तरी त्याला वाजवू द्या.”

बाईंनी वाजवू दिली.