बहुभाषिक साइट करताय? आधी फॉन्ट तपासा

गावं बदलतात, धंदे बदलतात, गोंधळ तोच. म्हणून नेहमीचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

भाषा निवडायच्या बटणावर झेंडे लावावेत का?
नकोत. जर्मन ऑस्ट्रियातही बोलतात. भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा.

आंबा निर्यात करतो. परदेशातून कुणी आलं की आपोआप इंग्रजी पान उघडावं, असं डेव्हलपर म्हणतो.
करू देऊ नका. दुबईतल्या मराठी गिऱ्हाइकाला मराठी पानच हवं असेल. शिवाय गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेकदा अमेरिकेतून येतो. त्याला तुमचं मराठी पान दिसणारच नाही.

आमची जुनी पुस्तकसूची कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये आहे. वेबवाला म्हणतो, तोच फॉन्ट साइटवर चढवू, दिसायला फरक नाही.
दिसायला नाही, हीच मेख आहे! कृतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसते, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट हा नुसता मुखवटा. वाचकाच्या यंत्रावर तो लोड झाला नाही, की समोर कचरा. लंडनमधला वाचक लेखकाचं नाव गूगलवर शोधेल, तुमची सूची सापडणार नाही. अंधांसाठीचा स्क्रीन रीडर ती इंग्रजी अक्षरंच बडबडेल. उद्या इंग्रजी आवृत्ती करायची झाली, तर भाषांतराच्या यंत्राला देणार काय? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१पासून आहे, तरी हे अजून खपवलं जातं. 'मग पानांची चित्रं टाकू' ही पुढची पळवाट. तीही नको, रोग तोच राहतो.

कृतिदेवचं युनिकोड करणारे फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण जपून. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं नेमकं उलट. घोळ तिथेच होतो. आधी दहा पानांचा नमुना करून मुद्रितशोधकाला दाखवा, मगच या कामाचा दर ठरवा.

मराठी शीर्षकाच्या अक्षरांत अंतर वाढवलं तर?
शिरोरेघ तुटते.

आयुर्वेदिक तेलं विकतो. एक प्लगिन (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) एका क्लिकवर चाळीस भाषा देतं म्हणे.
चाळीस भाषांत तक्रारी आल्या तर उत्तरं कोण देणार? दोनच भाषा घ्या. घटक, वापर, इशारे आणि परताव्याच्या अटी माणसाकडूनच भाषांतरित करून घ्या. औषधी दावे त्या देशात चालतात का, ते तिथल्या वकिलाला विचारा. प्लगिन विकणाऱ्याला नको.

अरबीसाठी नुसतं भाषांतर पुरेल?
नाही. मेनू, बाण, फॉर्म, सगळी मांडणी उजवीकडून सुरू होते. फोन नंबर आणि बाकी आकडे मात्र डावीकडून. अरबी वाचणाऱ्या माणसाने मोबाइलवर साइट वापरून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.